कापा, पण सोपं करू नका

जुनं संगीत नाटक नव्याने उभं करायचं ठरलं की तालमी सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी एक वाक्य टाकतं, ‘भाषा तेवढी जरा सोपी करून घेऊ, आजच्या मुलांना झेपत नाही.’ सगळे माना डोलावतात. नेपथ्यावर वाद होतो, मानधनावर होतो, खरा ऑर्गन आणायचा की कीबोर्डवर भागवायचं यावर तर हमखास होतो. या एका वाक्यावर मात्र होत नाही. मला तो व्हायला हवा आहे. जुनं नाटक आजच्या प्रेक्षकापर्यंत न्यायचं तर ते बिनदिक्कत कापा, प्रवेश गाळा, पदं निम्मी करा. पण जे ठेवाल ते नाटककाराच्याच शब्दांत ठेवा.

कात्री रंगभूमीला नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं. पूर्ण नाटकात दोनशेच्या घरात पदं. प्रयोग रात्रभर चालायचे, आवडलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला की ते पुन्हा, आणि गवई रंगात असला तर तिसऱ्यांदाही. नाटक मंडळ्यांचा तो काळ सरला, शेवटची बस गाठायचा काळ आला, आणि किर्लोस्करांचंच ‘सौभद्र’सुद्धा तीन तासांत बसायला लागलं. कुणी रडलं असेल, पण ‘सौभद्र’ टिकलं. इंग्रजीतही ‘हॅम्लेट’ अखंड खेळायचं तर चार तास हवेत, म्हणून तिथेही बहुतेक ते कापूनच खेळतात. तिथली कात्रीही ओळी गाळते. उरलेल्या ओळी सहसा शेक्सपिअरच्याच राहतात.

सोपं करण्याने नेमकं काय जातं, ते एका पदात बघू. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) भुजंगनाथ नावाचा म्हातारा पैशाच्या जोरावर कोवळ्या शारदेशी लग्न लावायला निघाला आहे. शारदेची मैत्रीण वल्लरी त्याची टर उडवते:

म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान
लग्ना अजुनि लहान

मोठ्याने म्हणून बघा. ‘म्हातारा इतुका न’ इथे श्वास पडतो. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, बरं, असेल पन्नाशीचा, वाईट काय. मग ‘अवघे’ येतं, म्हणजे आकडा लहानच असणार. आणि त्यानंतर पाऊणशे. हशा नेमका तिथे उसळतो, कारण चालीनं आपल्याला तिथपर्यंत हाताला धरून आणलेलं असतं. आता हेच सोपं करा: ‘तो काही एवढा म्हातारा नाही, फक्त पंचाहत्तर वर्षांचा आहे.’ अर्थ शाबूत आहे. उपहासही म्हणायला आहे. पण हसणार कोण?

पुढे देवल त्या म्हाताऱ्याच्या एकेका अवयवाची हजेरी घेतात. ‘दंताजीचे ठाणे उठले, फुटले दोन्ही कान, डोळे रुसले काही न बघती, नन्ना म्हणते मान.’ दात पडले म्हणायला त्यांनी दंताजी नावाचा एक सरदारच उभा केला आणि त्याला तळ हलवायला लावला. मला यातले शेवटचे तीन शब्द विलक्षण वाटत आले आहेत. या सगळ्या व्यवहारात शारदेला तिची इच्छा कुणी विचारत नाही. नकार द्यायची सोय तिला नाहीच. पण नवरदेवाची स्वतःची मान मात्र थरथरत ‘नको नको’ म्हणते आहे. नाटकातला सगळा अन्याय एका विनोदी पदात आला, आणि तो आला हे कळायच्या आत आपण हसून मोकळे झालो. (बालविवाह रोखणारा १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून नाव मिळालेला आहे, असं अजूनही बरेच जण सांगतात. तो हरबिलास सारडांच्या नावाचा कायदा. पण लोकांना तसं वाटावं, यातही देवलांची ताकद दिसतेच.)

‘पाऊणशे’ म्हणजे किती ते आजच्या मुलांना कळत नाही, असा आक्षेप येईल. बरोबर आहे, पुष्कळांना कळत नाही. पण दात गेले, कान फुटले, डोळे रुसले हे ऐकल्यावर पाऊणशे म्हणजे पंधरा नव्हे एवढं कुणालाही कळतं. नाटकात शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे चाल असते, नटाचा चेहरा असतो, समोरच्या पात्राची प्रतिक्रिया असते. शब्दकोश उघडून बसावं लागतं ते वाचकाला. प्रेक्षकाला नाटकच अर्थ पुरवत असतं.

आणि अर्थ थोडा उशिरा पोचला तरी बिघडत नाही. ‘सौभद्र’ात रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत काढतो: ‘नच सुंदरि करू कोपा, मजवरि धरि अनुकंपा, रागाने तव तनु ही पावत कंपा.’ कोपा, अनुकंपा, कंपा. यमकं जुळतातच, शिवाय दयेच्या शब्दाच्या पोटातच थरथर दडलेली आहे आणि पुढच्याच ओळीत ती बाहेर येते. हा कृष्ण माफी मागत नाहीये, खेळतोय. हे समजायला संस्कृत यावं लागत नाही, कान लागतो. तो कान आपल्याकडे आहे. दर गणपतीत आपण ‘फणिवरवंदना’ म्हणतो. त्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी ते ‘फळीवर वंदना’ असंच म्हटलेलं असतं आणि फळीवरच्या डब्यांना मनोमन नमस्कारही केलेला असतो. म्हणून आरती सोपी करून घ्या, अशी मागणी आजवर कुणी केलेली माझ्या ऐकण्यात नाही. ती कानात राहिली, मोठेपणी कधीतरी फणी म्हणजे नाग हे कळलं, आणि तेव्हा जो आनंद झाला तो फुकटचा.

‘पूर्वीचे प्रेक्षक शिकलेले होते, त्यांना समजायचं’ हा या चर्चेतला मोठाच गैरसमज. १९०१ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात साक्षर माणसं शंभरात पाच-सहा. संगीत नाटकाचा बराचसा प्रेक्षक शहरी मध्यमवर्गातला होता, हे मान्य; त्या पाच-सहांपैकी पुष्कळजण तिथेच बसलेले असणार. पण किर्लोस्करांनी साकी, दिंडी, ओवी, कामदा, लावणीच्या चाली घेतल्या त्या काही पुस्तकातून नव्हेत. कीर्तनाला बसणाऱ्या, जात्यावर गाणाऱ्या, फडावर जाणाऱ्या माणसांच्या कानांत त्या आधीच होत्या. भाषा अवघड होती, पण रस्ता ओळखीचा होता.

याचा जिवंत पुरावा हवा असेल तर जत्रांच्या दिवसांत सिंधुदुर्गात जा. तिथल्या दशावतारात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठल्या भूमिकेत ते ठरतं, आणि राजे, ऋषी, राक्षस रंगमंचावर उभ्याउभ्या संवाद रचतात. तेही कसले? ‘हे प्राणनाथा’, ‘अरे अधमा’ अशा भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठीत. समोर बसलेली माणसं घरी मालवणी बोलणारी. बोलणारा नटही दिवसा शेतावर किंवा गाडीवर मालवणीच बोलत असतो. मृदंग आणि झांजा चालू असतात, पहाट होते, आणि तरी मंडप रिकामा होत नाही. तिथून खाली गोव्यात गेलात तर गावच्या उत्सवात देवळापुढच्या मांडवात हौशी मंडळी मराठी संगीत नाटकं करताना भेटतील. घरात त्यांची बोली कोंकणी. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांपर्यंत ही हौस पोचलेली आहे. ‘भाषा झेपत नाही’ हे वाक्य मी तिथे ऐकलेलं नाही. ते ऐकू येतं ते पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित बैठकांत, आणि तेही प्रेक्षकाच्या तोंडून क्वचित. बोलणारा बहुधा निर्माता असतो किंवा वाहिनीचा माणूस.

आता एक आक्षेप असा आहे, जो मला हसण्यावारी नेता येत नाही. ही भारदस्त भाषा निष्पाप नव्हती. ती एका वर्गाची, बऱ्याच अंशी एका जातीची भाषा होती, आणि रंगमंचावर प्रतिष्ठा कुणाला द्यायची ते ती ठरवत होती. त्याच दशावतारात देव आणि राजे ग्रंथांतली मराठी बोलतात, आणि मालवणी बोलतो तो संकासुर हा विनोदी राक्षस. लोकांची बोली हशासाठी राखून ठेवलेली. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं ते साध्या बोलण्यातल्या मराठीत; ते त्या काळी रंगमंचावर आलंच नाही, आणि मराठी नाटकाचा इतिहास सांगताना पुढे कितीतरी वर्षं त्याची गणतीही होत नव्हती. हा हिशेब चुकता करायलाच हवा. पण तो करायचा कसा? अभिजात म्हणून आपण जे मांडतो ते टेबल मोठं करून. त्यावर रामजोशींची लावणी हवी, पठ्ठे बापूराव हवेत, सत्यशोधक जलशांतली पदं हवीत, वगातली हजरजबाबी बतावणी हवी. या सगळ्यात भाषेची मस्ती देवल-खाडिलकरांच्या तसूभर कमी नाही, आणि त्यांतलंही बरंच आजच्या कानाला तितकंच अनोळखी आहे. ‘सोपं करा’ची कात्री एकदा चालायला लागली की ती पठ्ठे बापूरावांनाही सोडणार नाही. उलट तिथे ती आधी चालेल, कारण तिथे राखणदार कमी आहेत.

काही महाविद्यालयीन मुलांबरोबर गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ मोठ्याने वाचायचा उद्योग आम्ही काही दिवस केला. एकांकिका स्पर्धा गाजवणारी मुलं. आवाज उत्तम, टायमिंग उत्तम. गडकरी मात्र त्यांना जड जायला लागले. वाक्य लांब, त्यात पोटवाक्यं, उपमेवर उपमा. बातम्या वाचाव्यात तशी मुलं ते वाचत होती आणि अर्थात कंटाळत होती. आर्य मदिरामंडळाचा प्रवेश आला. दारूड्यांनी रीतसर मंडळ काढलेलं, शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीला, आणि दारूच्या समर्थनार्थ सभेत शोभतील असे युक्तिवाद. एका मुलाच्या घरी वारकरी परंपरा. त्याने तळीरामाचं भाषण कीर्तनकाराच्या थाटात उचललं. वाक्याच्या मध्यावर आवाज चढवायचा, तिथेच थांबायचं, पुढचा तुकडा समोरच्यांच्या अंगावर टाकायचा. वर्ग पोट धरून हसला. त्याने एक शब्द बदलला नव्हता. मग बाकीच्यांच्या लक्षात आलं की ही लांब वाक्यं मुळी लांब नाहीतच. ती टप्प्याटप्प्याची आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला प्रेक्षकांकडून दाद घेऊनच पुढे सरकायचं आहे. कागदावर एक सलग वाक्य दिसतं, पण ते लिहिलेलं असतं नटाच्या श्वासासाठी.

खरं तर गडकऱ्यांचं हे तंत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं. गोविंदाग्रज म्हणून त्यांनीच लिहिलं ना, ‘राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा, नाजुक देशा, कोमल देशा, फुलांच्याहि देशा’. एक बाजू तीनदा ठोकायची, मग उलटी बाजू तीनदा, आणि शेवटी एका ‘हि’ने दोन्ही बाजू एकत्र बांधायच्या. ‘एकच प्याला’तल्या सुधाकराच्या स्वगतांत वेगळं काय आहे? हे ज्याला मैदानात रांगेत उभं राहून म्हणता आलं, त्याला ते रंगमंचावर ऐकता येणार नाही हे मला पटत नाही.

सोपं करण्याच्या बाजूचा सर्वांत दमदार युक्तिवाद शेक्सपिअरवरून येतो. अमेरिकेतल्या ओरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हलने २०१५ मध्ये त्याची एकूणएक नाटकं आजच्या नाटककारांकडून आजच्या इंग्रजीत लिहून घ्यायचा प्रकल्प जाहीर केला आणि भरपूर शिव्या खाल्ल्या. प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: परभाषकांना शेक्सपिअर दर पिढीत ताजा मिळतो, मग आम्हालाच तो चारशे वर्षं जुना का? हे आपल्या बाबतीत शब्दशः खरं आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून हॅम्लेट आणला आणि गणपतराव जोश्यांनी तो गाजवला. देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. शिरवाडकरांनी मॅकबेथचा ‘राजमुकुट’ केला. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ चा. म्हणजे मराठी माणसाचा शेक्सपिअर वेळोवेळी कात टाकत आला, आणि गडकरी मात्र १९१९ मध्येच गोठले. मग गडकऱ्यांनाही नवी मराठी का मिळू नये?

मिळावी की. पण देणारा कोण ते बघा. लिअर मराठीत आला तेव्हा एका कवीची भाषा बाजूला झाली आणि तिच्या जागी दुसऱ्या कवीची आली; जागा रिकामी राहिली नाही. मी ज्याच्याविरुद्ध बोलतोय त्या ‘सोप्या आवृत्ती’त एक कवी उठतो आणि त्याच्या जागी कुणीच बसत नाही. उद्या विंदांच्या तोडीचा कुणी कवी म्हणाला, मी ‘एकच प्याला’ माझ्या मराठीत पुन्हा रचतो, तर त्या प्रयोगाचं पहिलं तिकीट माझं. ते सोपं असेलच असं नाही. कदाचित मूळच्याहून अवघड असेल. पण तालमीत दिग्दर्शकाच्या सहायकाने ‘अनुकंपा’ खोडून ‘दया’ लिहिणं आणि हे, यात काही नातं नाही.

गेल्या पन्नासेक वर्षांतली आपली जी नाटकं खरोखर नवी वाटली, ती बघितली तरी भाषेला घाबरून काही साधलेलं दिसत नाही. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ला (१९७२) बामणांची भिंत उभी करायला पद्य आणि ताल लागला. आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या माणसालाच कीर्तन करायला लावलं. अलीकडे ‘संगीत देवबाभळी’त रखुमाई आणि तुकोबांची आवली समोरासमोर आल्या, अभंगाच्या वळणाचं बोलल्या-गायल्या, आणि कॉलेजातली पोरंपोरी ते पुन्हा पुन्हा बघत होती. ती मुलं कुठून आली? ‘झेपत नाही’ म्हणून ज्यांच्या नावाने आपण बिलं फाडतो, तीच ही.

अडचण आहे ती बोलणाऱ्यांची. मालिकांच्या सेटवर गळ्यापाशी माइक लावून कुजबुजायची सवय लागलेल्या नटाला खाडिलकरांचं वाक्य दिलं की तो एक तर ते ओरडतो, नाहीतर लाजतो. शब्दाची फेक, वाक्यातला उभा राहण्याचा बिंदू, पदातून गद्यात उतरताना न सुटणारा सूर, हे सगळं शिकवायला वेळ लागतो, आणि वेळेला पैसे लागतात. संहिता सोपी करणं स्वस्त पडतं. भाषेच्या काळजीचा पुष्कळसा भाग प्रत्यक्षात तालमींच्या खर्चाचा आहे, एवढं तरी मोकळेपणाने बोलावं. राज्य नाट्यस्पर्धेचा संगीत विभाग सरकारच्या पैशातून चालतो. त्याच पैशातला काही भाग जुनं गद्य-पद्य बोलायला शिकवणाऱ्या कार्यशाळांवर खर्च करायला कुणाची हरकत असू नये. संगीत नाटकं करणाऱ्या शिलेदारांच्या घराण्याने हयातभर हेच केलं, पदरचं घालून. त्या पिढीकडून शिकलेली माणसं अजून आपल्यात आहेत, आणि ती कायमची असणार नाहीत.

आणि शाळा. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. त्याच मराठीतला नाट्यउतारा पाठ्यपुस्तकात येतो तेव्हा वर्गात काय होतं? बाई उतारा एकदा भराभर वाचतात, मग ‘आकृतिबंध पूर्ण करा’, ‘व्यक्तिवैशिष्ट्ये लिहा’, शेवटी स्वमत. कृतिपत्रिकेत गुण त्यालाच असतात, त्यामुळे बाईंचा दोष नाही. अख्ख्या वर्षात एकही मूल त्या उताऱ्यातलं एकही वाक्य उभं राहून, दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणत नाही. तोंडी परीक्षेचे गुण असतातच. त्यातले पाच नाट्यउतारा म्हणून दाखवण्याला द्या. पाठ नको, पुस्तक हातात धरून चालेल. अर्थ विचारू नका. भुजंगनाथ कुणीही व्हायला तयार होतो, वल्लरी व्हायला मात्र वर्गात भांडणं होतात.